डोक्यावरचे इनाम

('द ग्रेट सायलेन्स' या चित्रपटावरील पुस्तिकेची प्रस्तावना)

बर्फातून एक घोडागाडी चालली आहे. वाटेत एक माणूस तिला हात करून थांबवतो. अंगात केसाळ कोट, हॅटखाली डोक्याभोवती घट्ट गुंडाळलेली लोकरी शाल, बोलणे अगदी अदबीचे. रस्त्याच्या कडेला बर्फात त्याने काही प्रेते पुरून ठेवली आहेत. ती उकरून गाडीच्या टपावर चढवायची आणि पुढच्या गावी न्यायची, एवढेच त्याचे काम. प्रत्येक प्रेतावर सरकारी इनाम आहे. थंडीत प्रेत सडत नाही, त्यामुळे सवडीने नेले तरी चालते. गाडीत नवा शेरीफ बसला आहे. त्याला किळस येते, रागही येतो. पण तो काही करू शकत नाही, कारण कागदोपत्री सगळे ठीक आहे.

सेर्जिओ कोर्बुच्ची यांच्या १९६८ सालच्या 'इल ग्रान्दे सिलेन्त्सिओ' या इटालियन वेस्टर्नमधला हा प्रसंग. इंग्रजीत तो 'द ग्रेट सायलेन्स' म्हणून ओळखला जातो. शाल गुंडाळलेला तो माणूस म्हणजे क्लाउस किन्स्की. इटालियन आवृत्तीत त्याचे नाव तिग्रेरो, इंग्रजीत लोको. पडद्यावर मी पुष्कळ खलनायक पाहिले, पण हिशेबनिसासारखा वागणारा असा हाच. तो ओरडत नाही, दारू पिऊन धिंगाणा घालत नाही, सूडबिड त्याच्या डोक्यात नाही. यादीतली नावे कमी करत जायची आणि पैसे उचलायचे, एवढाच त्याचा व्यवहार.

वेस्टर्न म्हटले की आपल्यापुढे तापलेली माळराने, धूळ आणि घामेजलेले चेहरे येतात. सेर्जिओ लेओने यांनी १९६४ च्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'पासून ते चित्र जगभर पक्के केले आणि 'शोले'ने ते आपल्या घरात आणून ठेवले. खुद्द कोर्बुच्चींनी १९६६ साली 'जँगो'मध्ये चिखल वापरला होता. नायक शवपेटी ओढत चिखलातून येतो. दोन वर्षांनी त्यांनी धूळ आणि चिखल दोन्ही बाजूला सारून बर्फ आणले. कथा घडते अमेरिकेतल्या युटा प्रांतात, १८९८-९९ च्या कडक हिवाळ्यात, स्नो हिल नावाच्या गावात. चित्रीकरण झाले इटलीच्या उत्तरेला, कोर्तिना द'आंपेत्सोच्या परिसरातल्या डोलोमाइट पर्वतात. गावातले बरेचसे प्रसंग मात्र रोमजवळच्या एलिओस स्टुडिओत घेतले आणि तिथे बर्फ म्हणून दाढीचा फेस पसरला. नीट पाहिले तर काही चौकटींत तो ओळखू येतो. मला त्याचे काही वाटत नाही. डोंगरातले खरे बर्फ इतके खोल आहे की घोडे पोटापर्यंत रुततात. छायालेखक सिल्वानो इप्पोलिती यांनी त्या पांढऱ्या पसाऱ्यात माणसे काळ्या ठिपक्यांएवढी करून टाकली आहेत. वेस्टर्नचा घोडेस्वार दौडत येतो, इथला धडपडत येतो.

गोष्ट थोडक्यात अशी. उपासमारीने चोऱ्या करू लागलेली काही माणसे डोंगरात लपली आहेत आणि त्यांच्या डोक्यावर इनामे लागली आहेत. गव्हर्नरच्या मनात त्यांना माफी द्यायचे आहे. त्यासाठीच तो नवा शेरीफ पाठवतो. पण माफी येईपर्यंत इनाम चालू आहे, आणि म्हणूनच इनामखोर शिकाऱ्यांची घाई चालली आहे. माफीचा हुकूम निघाला की डोंगरातल्या प्रत्येक माणसाची किंमत शून्य होणार. तिग्रेरो पोलीन नावाच्या बाईच्या नवऱ्याला मारतो. हे जोडपे कृष्णवर्णीय आहे, आणि व्होनेटा मॅकगीने ही पोलीन फार ताठ मानेने उभी केली आहे. ती नवऱ्याच्या खुनाचा बदला घेण्यासाठी एका पिस्तूलबाजाला बोलावते. त्याला सगळे सायलेन्स म्हणतात. लहानपणी त्याच्या आईबापांना अशाच इनामखोरांनी मारले आणि साक्ष देऊ नये म्हणून पोराचा गळा चिरला. तेव्हापासून तो मुका आहे.

हा सायलेन्ससुद्धा पैसे घेऊनच मारतो, हे विसरू नये. त्याची पद्धतही कायद्याचीच. तो समोरच्याला इतका डिवचतो की तो आधी पिस्तुलाला हात घालतो. मग सायलेन्सने झाडलेली गोळी स्वसंरक्षणात मोडते. हातात माउझर सी-९६, त्या काळातले अगदी नवे, भराभर गोळ्या झाडणारे पिस्तूल. कोणी शरण आला तर त्याचे अंगठे उडवतो, म्हणजे पुन्हा त्याला नेम धरता येऊ नये. थोडक्यात, या चित्रपटात दोन्ही बाजूंना कायदा तोंडपाठ आहे. तो नीट माहीत नाही फक्त डोंगरातल्या भुकेल्यांना.

आणि गावात पोलिकट आहे. लुइजी पिस्तिलीने केलेला हा माणूस एकाच वेळी सावकार आणि न्यायाधीश. लोकांना गुन्हेगार ठरवायचे कलम त्याच्याच हातात, आणि गुन्हेगार ठरलेल्यांची घरेदारे स्वस्तात घ्यायला तिजोरीही त्याचीच. पोलीन नवरा गेल्यावर घर विकायला त्याच्याकडे जाते, तेव्हा तो घराऐवजी तिचीच किंमत करतो. मराठी वाचकाला हे पात्र समजावून सांगायची गरज नाही.

नायक मुका का, याची एक गंमत सांगितली जाते. मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांनी कधीतरी कोर्बुच्चींना म्हटले होते की वेस्टर्न करायची हौस आहे, पण इंग्रजी येत नाही. त्यावरून मुक्या नायकाची कल्पना सुचली. भूमिका शेवटी फ्रेंच नट झाँ-लुई त्रँतिन्याँ यांच्याकडे गेली, आणि एकही वाक्य पाठ करायचे नाही ही त्यांच्या दृष्टीने सोयच झाली. संवादाची जागा एन्निओ मोरिकोने यांच्या संगीताने घेतली आहे. लेओनेंच्या चित्रपटांतल्या शिट्या आणि चाबकाचे फटकारे इथे नाहीत. सूर मऊ, जवळजवळ अंगाईसारखा, आणि तोच जास्त अस्वस्थ करतो.

आता शेवटाविषयी बोलायलाच हवे. ज्यांना तो आधी कळायला नको आहे त्यांनी इथे थांबून चित्रपट पाहावा आणि मग पुढे यावे.

नायक मरतो. त्याचे हात आधीच निकामी झालेले, समोर किन्स्की आणि त्याची टोळी, ओलीस धरलेली भुकेली माणसे सलूनमध्ये बांधलेली. सायलेन्स जातो, कारण न जाणे त्याला शक्य नाही. आणि मारला जातो. पोलीन त्याचे पिस्तूल उचलते, तीही मारली जाते. मग ओलिसांची कत्तल होते आणि मारेकरी इनाम गोळा करायला घोड्यांवर बसून निघून जातात. शेरीफ याआधीच गोठलेल्या तळ्यात बुडालेला. वाचवायला कोणी येत नाही. चे गव्हेरा ऑक्टोबर १९६७ मध्ये बोलिव्हियात मारले गेले, माल्कम एक्स त्याआधी १९६५ मध्ये. या मृत्यूंचा धक्का कोर्बुच्चींच्या मनात होता, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी आणि अभ्यासकांनी नोंदवले आहे. न्यायाच्या बाजूने उभा राहणारा माणूस जिंकतोच, हे त्या वर्षी त्यांना खोटे वाटत होते.

निर्मात्यांना हा शेवट परवडणारा नव्हता. काही देशांच्या बाजारपेठांसाठी दुसरा, सुखान्त शेवट चित्रित केला गेला. त्यात बुडालेला शेरीफ घोड्यावरून परत येतो, नायकाच्या हाताला लोखंडी संरक्षण निघते, खलनायक मरतो. तो पाहिला तर हसू येते. अमेरिकेत ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सच्या डॅरिल झानुक यांनी मूळ शेवट पाहिला आणि तोंडातली सिगार गिळायची वेळ आली, अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे असो, चित्रपट तिकडे लागला नाही. तिथल्या थिएटरांत तो रीतसर पोचला २०१८ साली, पन्नास वर्षांनी. क्वेंटिन टॅरंटिनोंनी २०१५ च्या 'द हेटफुल एट'मध्ये बर्फ, इनामखोर आणि प्रेतांनी भरलेली घोडागाडी यांचे ऋण उघडपणे घेतले.

शेवट बदलायला लावणे आपल्याकडेही नवीन नाही. 'शोले'त ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून मारतो असाच शेवट रमेश सिप्पींनी चित्रित केला होता. आणीबाणीच्या दिवसांत सेन्सॉरने तो नाकारला आणि ऐन वेळी पोलीस आणून उभे करावे लागले. तो मूळ शेवट जोडलेली 'शोले'ची नवी प्रत जून २०२५ मध्ये पहिल्यांदा दाखवली गेली ती इटलीतल्या बोलोन्या शहरात. म्हणजे बाजाराला एका ठिकाणी नायक जिवंत हवा होता आणि सरकारला दुसऱ्या ठिकाणी कायदा जिवंत दिसायला हवा होता. दोन्हीकडे कात्री लागली ती शेवटाला.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या प्रेक्षकाने काय केले असते, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. दिवाळीनंतर, धान कापून झाले की मंडई भरतात आणि रात्रभर नाटके चालतात. पहाटेपर्यंत ओटीत शेंगदाणे घेऊन बसलेल्या बायका खलनायकाला मोठ्याने शिव्या देतात. उजाडायच्या आत त्याचा निकाल लागलाच पाहिजे, हा तिथला अलिखित करार आहे. सगळी भली माणसे मारून खलनायक पैसे मोजत निघून गेला, तर मंडप जाग्यावर राहिला नसता. आणि तरीही हा चित्रपट समजायला गोंदिया जिल्ह्याइतकी योग्य जागा मला दुसरी सुचत नाही.

बर्फ इथे नाही. हिवाळ्यात विदर्भातला सर्वांत कमी पारा अनेकदा गोंदियात नोंदवला जातो, बांध्यांवर सकाळी धुके साचते, तेवढेच. पण डोक्यावर इनाम म्हणजे काय, हे या जिल्ह्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आधी ते वाघाच्या डोक्यावर होते. इंग्रजी अमलात वाघ मारून पुरावा दाखवला की सरकारी बक्षीस मिळे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ऐंशी हजारांहून जास्त वाघ मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान. ज्याला मारण्याचे पैसे मिळत होते त्याला पाहण्याचे पैसे आता आपण मोजतो.

माणसांच्या डोक्यावरची इनामेही महाराष्ट्राला जुनी. उमाजी नाईकांना पकडून देणाऱ्याला कंपनी सरकारने दहा हजार रुपये आणि जमीन देऊ केल्याचे सांगतात. शेवटी ते जवळच्याच माणसांच्या फितुरीने सापडले आणि १८३२ मध्ये पुण्यात फासावर गेले. वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ मध्ये तर सरकारचा डाव सरकारवरच उलटवला. आपल्या डोक्यावर इनाम लागले म्हणताच त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या डोक्यावर उलट इनाम लावले. कोर्बुच्चींना ही गोष्ट कळली असती तर त्यांनी तिच्यावर नक्की चित्रपट काढला असता.

आणि मग आपला काळ. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव, चिचगड, केशोरी, दरेकसा ही नावे गेली कित्येक दशके बातम्यांत नक्षलवाद्यांच्या संदर्भातच येत राहिली. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर फोटो आणि त्याखाली रक्कम, हे चित्र इथल्या पोरांनी शाळेत जाता-येता पाहिले आहे. रक्कम पदाप्रमाणे ठरते. दलममधला, म्हणजे सशस्त्र तुकडीतला, साधा सदस्य, कमांडर, वरच्या समितीचा सदस्य, जितके वर चढावे तितका आकडा मोठा. गोंदियाला लागून असलेल्या गडचिरोलीत १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याच्या जंगलात मारला गेलेला मिलिंद तेलतुंबडे याच्यावर पन्नास लाखांचे इनाम होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर या पुस्तिकेचा चुकीचा अर्थ निघेल. स्नो हिलचे भुकेले आणि दरेकशाचे दलम एक नव्हेत. कोर्बुच्चींचे डोंगरातले लोक शेरीफचा घोडा मारून खातात, यापलीकडे पडद्यावर त्यांच्या हातून फारसे काही घडत नाही. आमच्या जंगलात खबऱ्या असल्याच्या संशयावरून रात्री घरातून ओढून नेलेले गावकरीही आहेत आणि भूसुरुंगात गेलेले पोलीसही आहेत. तसाच इथला पोलीस जवान म्हणजे तिग्रेरो नव्हे. आपल्या कायद्यात 'जिवंत किंवा मृत' असा प्रकार नाही. फरारी घोषित केलेल्या आरोपीला सामान्य नागरिक पकडू शकतो, पण त्याला विनाविलंब, नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. मारण्याचा परवाना त्यात कुठेही नाही. मुंबईतल्या चकमकींवरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांतले एक तर जणू तिग्रेरोचा धंदा समोर ठेवूनच लिहिले आहे: चकमकीनंतर लगेच संबंधित अधिकाऱ्यांना बढती किंवा शौर्याचे बक्षीस देऊ नये, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच द्यावे. माणूस मेल्याने कोणाचा तरी फायदा होत असेल, तर तो फायदा मरणाइतका जवळ ठेवू नये, एवढे शहाणपण न्यायालयाने दाखवले.

साम्य आहे ते निराळ्या ठिकाणी. या चित्रपटाचा खरा ताण माफी आधी पोचते की गोळी, यात आहे. तो ताण गोंदियाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जवळून पाहिला. १८ नोव्हेंबरला आंध्र प्रदेशात माओवादी कमांडर माडवी हिडमा मारला गेला. त्यानंतर महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या तीन राज्यांच्या सीमेवरच्या माओवाद्यांच्या झोनचा प्रवक्ता अनंत याने तिन्ही मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून शस्त्रे ठेवायला मुदत मागितली आणि तोवर मोहिमा थांबवाव्यात अशी विनंती केली. पत्रांतल्या तारखा बदलत गेल्या, आणि मुदत संपायची वाट न पाहता २८ नोव्हेंबरला तो आणखी दहा जणांसह गोंदियात पोलिसांपुढे हजर झाला. अकरा जणांवर मिळून ८९ लाखांचे इनाम होते. राज्यात २००५ पासून आत्मसमर्पणाची योजना आहे. शरण येणाऱ्याला पुनर्वसनासाठी पैसे, घर, कामधंद्याला मदत. युटाचा गव्हर्नर जे कागदावर ठेवून बसला होता ते इथे वेळेवर पोचले. डोंगरातून खाली उतरलेली माणसे जिवंत राहिली.

म्हणूनच या चित्रपटाकडे मी केवळ निराशेचा चित्रपट म्हणून पाहत नाही. कोर्बुच्चींनी एक यंत्रणा उघडून दाखवली आहे. सावकार माणसाला कायद्याबाहेर ढकलतो, कायदा त्याची किंमत ठरवतो, शिकारी ती वसूल करतो, आणि माफी देणारा सज्जन दूर शहरात बसून योग्य वेळेची वाट पाहतो. या साखळीत सर्वांत जास्त दोष कोणाचा, यावर या पुस्तिकेसाठी झालेल्या चर्चेत आमचे एकमत झाले नाही. बहुतेकांनी पोलिकटचे नाव घेतले. माझे मत गव्हर्नरला. उशिरा येणारी माफी शिकाऱ्याची घाई वाढवते, हे त्याला कळायला हवे होते.

चित्रपटात दोष नाहीत असे नाही. डोंगरातल्या माणसांना कोर्बुच्चींनी चेहरे दिले नाहीत. ती भुकेली, केविलवाणी गर्दी म्हणूनच राहते, आणि ज्यांच्यासाठी एवढे सगळे घडते त्यांच्यापैकी एकाचेही नाव नंतर लक्षात राहत नाही. सायलेन्सच्या लहानपणाचा फ्लॅशबॅक घाईत उरकलेला आहे. फ्रँक वोल्फचा शेरीफ कधी विनोदी तर कधी शोकात्म, आणि दोन्ही सूर प्रत्येक वेळी जुळत नाहीत. पण पोलीन आणि सायलेन्स यांच्यातला जवळिकीचा प्रसंग, एक काळी स्त्री आणि एक गोरा पुरुष, १९६८ साली इतक्या साधेपणाने, कसलाही आव न आणता पडद्यावर आला, याला मात्र दाद द्यावी लागते.

पुढच्या पानांत प्रसंगवार टिपणे आहेत, मोरिकोनेंच्या संगीतावर एक लेख आहे, दोन्ही शेवटांची तुलना आहे, आणि इनामाच्या कायद्याचे आणखी तपशील आहेत. टिपणे वाचून चित्रपट पाहू नका. आधी चित्रपट पाहा. तो पावणेदोन तासांचा आहे. इंग्रजी डबिंगपेक्षा इटालियन आवाजाची प्रत निवडा, म्हणजे किन्स्कीचे नाव तिग्रेरो असे ऐकू येईल आणि आमच्या टिपणांशी जुळेल. घरात लहान मुले असतील तर त्यांना झोपवून मग लावा. सुखान्त शेवटाची फीत पाहायची असेल तर ती मूळ शेवटानंतर, आणि निदान दुसऱ्या दिवशी पाहा.